चौथी खुंटी

चादर पिळायला दोन माणसं लागतात. एक टोक मुकादमांच्या हातात होतं, दुसरं त्यांच्या बायकोच्या, आणि मधे पलंगावरची मोठी ओली चादर.

"अहो, मी उजवीकडे पिळतेय आणि तुम्ही डावीकडे. ती नुसती गोल गोल फिरतेय. पाणी कुठे निघतंय? तीस वर्षं खाण चालवलीत आणि एक चादर चालवता येईना?"

"खाणीत मी नुसतं सांगायचो," मुकादम म्हणाले. "पिळणारे दुसरे असायचे."

बायको हसली, आणि तेवढ्यात खिडकीतला फोन वाजला. मॅनेजरांचा होता. खाणीच्या मोजणीच्या बाई उद्याऐवजी आजच आल्या आहेत, वही घेऊन लगेच या. मुकादमांनी चादरीचं आपलं टोक नळाला अडकवलं, हात सदऱ्याला पुसले आणि कपाटावरची वही काखेत मारली.

"आणि ही अर्धी पिळलेली काय आता देवाने येऊन पिळायची?" बायको मागून ओरडली. पण मुकादम फाटकाबाहेर पडले होते.

जाताना त्यांनी ओळीतल्या शेवटच्या घराकडे पाहायचं टाळलं. अक्का दारातच बसलेल्या असणार हे त्यांना ठाऊक होतं.

ही ओळ म्हणजे खाणीतल्या कामगारांची अकरा घरं. ती तिरकी गेलेली, त्यामुळे पहिलं घर खाणीपासून बरंच लांब आणि शेवटचं अगदी कड्याजवळ. शेवटचं घर मुकादमांच्या थोरल्या बहिणीचं. आई गेली तेव्हा मुकादम चार वर्षांचे होते आणि अक्का चौदा. याच खाणीत अक्कांनी डोक्यावर दगडाच्या पाट्या वाहिल्या, भावाला सातवीपर्यंत शिकवलं, मग लग्न होऊन गेल्या, आणि नवरा गेल्यावर रिकाम्या हाताने परत आल्या तेव्हा भाऊ मुकादम झालेला होता. त्याने मॅनेजरांचे उंबरे झिजवून हे घर अक्कांच्या नावावर करून घेतलं. कड्याजवळचं म्हणून ते कुणी घेत नव्हतं. अक्का मात्र म्हणाल्या होत्या, "मला काय, वारा छान येईल."

खाण आता संपली होती. तळाशी हिरवट पाणी साचलं होतं आणि तीन बाजूंचे कडे पायऱ्यापायऱ्यांनी नीट कापलेले होते. चौथा कडा, घरांच्या खालचा, जवळजवळ भिंतीसारखा उभा होता. कुठले नियम-बियम नव्हते त्या काळात तिथला चांगला दगड ओरबाडून काढला होता, आणि पुढे वर घरं झाली म्हणून तो मागे कापता आला नाही.

खाण संपली की नुसतं कुलूप लावून निघून जाता येत नाही. कड्यांना उतार द्यावा लागतो, पाण्याला नाल्या काढाव्या लागतात, पहिल्या दिवशी खरवडून बाजूला ठेवलेली वरची काळी माती परत पसरावी लागते, तिच्यात झाडं लावावी लागतात, भोवती कुंपण घालावं लागतं. तेव्हा कुठे सरकारी कागद मिळतो. चौथ्या कड्यासाठी मात्र दोन वाटा होत्या. कडा स्थिर असेल तर खालून दगडमातीचा भराव घालून त्याला टेकू द्यायचा, घरं राहतात. कडा सरकत असेल तर वरूनच मागेपर्यंत कापायचा, अकराही घरं जातात.

आणि कडा सरकतो आहे की नाही, हे सांगणारा माणूस एकच. मुकादम.

बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या बाजूची दरड दोन माणसांवर आली, तेव्हापासून ही खुंट्यांची पद्धत आली. कड्यामागच्या जमिनीत जिथे बारीक भेग दिसते तिथे भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी खुंटी ठोकायची आणि दर आठवड्याला त्यांच्यातलं अंतर मोजायचं. अंतर वाढलं, म्हणजे पुढचा तुकडा तेवढा सुटला. सगळं मिळून पन्नास मिलिमीटरच्या वर गेलं तर खाली माणूस उतरवायचा नाही. अशा नऊ जोड्या होत्या. चौथी जोडी अक्कांच्या परसदारी.

मुकादमांचं अक्षर मोत्यासारखं. वही अशी ठेवलेली, की मॅनेजर पाहुण्यांना दाखवायचे. पण खाणीवर एक रीत पडून गेली होती. खुंटी हलली, दगड वाहणाऱ्या टिपरचा धक्का लागला, कुणी उपटली, की नवी ठोकायची आणि वहीचं पान उलटून पुन्हा शून्यापासून लिहायचं. जुनं माप नव्या मापात मिळवायचं असतं हे कुणी कधी सांगितलं नाही, आणि नव्या कोऱ्या पानावर शून्य दिसलं की सगळ्यांनाच बरं वाटायचं.

चौथी खुंटी पहिल्यांदा बदलली ती टिपर मागे घेताना धडकला म्हणून. तेव्हा माप एकतीस होतं. त्यात कुणाची काही चूक नव्हती. दुसऱ्यांदा बदलली तेव्हा माप सत्तावीस होतं. ती खुंटी थोडी कलली होती हे खरं. पण बदलावीच लागावी इतकी कलली नव्हती. त्याच आठवड्यात अक्कांनी मागच्या बाजूला नवी खोली बांधून तिच्यावर स्लॅब टाकला होता. मुकादमांनी हातोडा घेतला, खुंटी उपटली, नवी ठोकली आणि पान उलटलं. त्यांनी बेरीज केली नाही. म्हणजे केली, पण लिहिली नाही.

मोजणीच्या बाई तिशीच्या आतल्या होत्या. डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, बुटांना घोट्यापर्यंत खाणीच्या तळाचा चिखल. सकाळपासून त्या एकट्याच सगळ्या पायऱ्या उतरून चढून आल्या होत्या. मॅनेजर त्यांच्या मागे उन्हासाठी छत्री घेऊन फिरत होते आणि बाई छत्रीच्या बाहेरच चालत होत्या.

"बघा बाई, इथे बाग होणार," मॅनेजर सांगत होते. "लोक फिरायला येतील. खाली तळं, वर बाकडी. फोटो काढतील."

"आधी कडा बघू," बाई म्हणाल्या. त्यांनी वही घेतली, उभ्याउभ्या पानं चाळली. "अक्षर फार सुरेख आहे हो काका. चौथ्या खुंटीचं बावीस दिसतंय. हे कधीपासूनचं?"

"दोन वर्षांचं."

"त्याआधीच्या वह्या?"

"ऑफिसचं छप्पर गळायचं," मॅनेजर मधेच म्हणाले. "लगदा झाला बघा सगळ्या वह्यांचा. रद्दीवाल्यानेसुद्धा हात लावला नाही."

"मग काकांनाच आठवत असेल. खुंटी कधी बदलली होती का? त्याआधी किती सरकलं होतं?"

बाईंच्या खांद्यावरून मुकादमांना अक्कांचं परसदार दिसत होतं. दोरीवर एक लुगडं वाळत होतं आणि पाठीमागच्या नव्या खोलीची खिडकी उघडी होती.

"नाही," ते म्हणाले. "त्याआधी विशेष काही नव्हतं."

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. पुन्हा विचारलं असतं, संशयाने पाहिलं असतं, तर मुकादमांना सोपं गेलं असतं. बाई नुसत्या म्हणाल्या, "मग भराव चालेल. चारपर्यंत मी इथेच आहे, बाकीच्या खुंट्या बघते. संध्याकाळी अहवाल पाठवला की उद्यापासून माणसं खाली उतरवा." दोन महिने कड्याच्या पायथ्याशी मशीन आणि वीसेक माणसं काम करणार होती. त्यांतली निम्मी याच ओळीतली.

मॅनेजरांनी मुकादमांच्या पाठीवर थाप मारली. ती थाप त्यांना घरापर्यंत जाणवत राहिली.

"बाळा, ए बाळा! असा तोंड लपवून कुठे चाललास?" अक्कांनी दारातून हाक मारली. साठीला आलेल्या भावाला साऱ्या ओळीदेखत बाळा म्हणायचा हक्क त्यांनी कधी सोडला नव्हता. "आत ये. मागच्या खोलीचं दार पुन्हा घासतंय."

"महिन्यापूर्वी तर तासलं, अक्का."

"तासलंस तू, पण मनापासून तासलं नसशील. लाकूड फुगतं रे."

रंधा अक्कांकडेच होता. मुकादमांनी दार बिजागऱ्यांतून काढलं, आडवं टाकलं आणि खालच्या कडेवर रंधा फिरवायला लागले. छिलके फरशीवर पडत होते. अक्का पलंगावर बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या आणि बोलत होत्या. शेजारच्या शिवणवालीने ब्लाउज कसा बिघडवला, आणि वर तोंड करून म्हणते तुमचंच अंग वाढलंय. पाण्याच्या नळाला कोण कुणाआधी उभं राहिलं. मुकादम हं हं करत होते. महिनाभर कोरडं ऊन पडलं होतं. फुगायला लाकडाला पाणी कुठलं? दार परत लावताना त्यांनी पाहिलं, वरच्या बाजूला एका कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट होती आणि दुसऱ्या कोपऱ्यात दार चौकटीला चिकटलं होतं. वाकडी झाली होती ती चौकट.

"पलंग इकडे कधी घेतलात?"

"परवाच. शिवणवालीच्या पोरांनी ढकलून दिला. मॅनेजर म्हणतो ना, खाली झाडं लावणार. म्हटलं, खिडकीतून दिसतील मला पडल्या पडल्या. आता इथूनच देवाने न्यावं, दुसरीकडे कुठे जायचं नाही मला."

पलंग खाणीकडच्या भिंतीला टेकून होता.

छिलके गोळा करायला मुकादम खाली बसले. फरशीत एक चीर होती, भिंतीला समांतर, पलंगाखालून गेलेली. तिच्यात काहीतरी पांढरं भरलेलं होतं.

"हे काय भरलंय, अक्का?"

"मेण. मुंग्या यायच्या त्यातून. पंधरा दिवस झाले, मेणबत्ती वितळवून भरलं. पण मेलं मेणालासुद्धा चीर गेली बघ. हल्ली मेणसुद्धा चांगलं मिळत नाही."

मुकादमांनी नख घातलं. मेण मधोमध लांबीभर फाटलं होतं आणि नख सहज आत गेलं. तीस वर्षं त्यांनी खुंट्यांमधलं अंतर टेपने मोजलं होतं. नखाने मोजण्याची वेळ पहिलीच. ते बराच वेळ तसेच वाकून बसले.

"कंबर धरली का रे?" अक्कांनी विचारलं.

"नाही. येतो मी."

"चहा टाकतेय ना!"

"येतो, अक्का."

बाई पत्र्याच्या शेडमध्ये डबा खात होत्या. समोर वही, वहीवर पेन. मुकादम दारातच उभे राहिले.

"बाई, मी मघाशी खोटं बोललो."

बाईंनी घास तोंडात होता तो गिळला आणि डब्याचं झाकण लावलं.

"किती?"

"पहिल्यांदा एकतीस. मग सत्तावीस. मग हे बावीस."

"ऐंशी," बाई म्हणाल्या. "आणि मी उद्या वीस माणसं खाली उतरवत होते." त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी पेन उचललं. "दुसऱ्यांदा का बदललीत?"

"बहिणीने खोली बांधली होती हो. नुकताच स्लॅब टाकला होता."

मुकादमांना वाटलं होतं, बाई काहीतरी बोलतील. रागावतील, किंवा म्हणतील, वेळेवर सांगितलंत ते बरं झालं. बाईंनी एक पूर्ण पान लिहिलं, वाचून दाखवलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. "इथे सही. आणि इथे. तुमच्यावर कारवाई होईल, हे तुम्हाला कळलंय ना?"

मुकादमांनी दोन्ही ठिकाणी सही केली. तीही मोत्यासारखीच आली, त्याची त्यांना लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी अकरा दारांवर कागद चिकटले. आठ दिवसांत घरं रिकामी करावीत. मुकादमांच्याही दारावर तोच कागद, त्याच गोंदाने. ओळीत आधी कुणाचा विश्वासच बसेना, मग बसला, मग सगळे मुकादमांच्या दारात जमले. टिपरवाला सगळ्यांत पुढे होता. लहानपणी मुकादमांच्या खांद्यावर बसून खाण पाहिलेला.

"मुकादम, एवढी वर्षं तुम्हीच सांगायचात, सगळं ठीक आहे, उतरा खाली. आम्ही उतरलो. आता म्हणता ठीक नव्हतं. म्हणजे तेव्हा मेलो असतो तर कुणाला विचारायचं होतं?"

मुकादमांनी दारावरच्या कागदाचा सुटलेला कोपरा दाबून बसवला.

"आणि गप्पच बसायचं होतं, तर आणखी चार दिवस गप्प बसायचं!" मागून शिवणवाली म्हणाली. "मेलो असतो तर घरात तरी मेलो असतो."

कुणीतरी हसलं. मुकादमांची बायको आतून आली, उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "झालं सगळ्यांचं बोलून? आमचंही घर जातंय त्याच ओळीत. चला, माझी भांडी बांधायची आहेत." माणसं पांगली. त्यानंतर कुणी फार बोललं नाही, आणि तेच अधिक बोचायचं. नळावर मुकादमीण आल्या की बाकीच्या बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या.

अक्कांनी तीन दिवस दार लावून घेतलं. चौथ्या दिवशी उघडलं, भाऊ पायरीवरच बसला होता. त्या म्हणाल्या, "घर दिलंस, तेव्हा मी देवाजवळ तुझं नाव घेतलं होतं. आता मी देवाला काय सांगू, ते तूच सांग." मुकादम पायरीच्या कडेची माती नखाने खरवडत राहिले. "नाही ना सुचत? मलाही सुचत नाही." एवढं बोलून त्या आत गेल्या. भावाशी त्यांचं तेच शेवटचं बोलणं.

सगळी ओळ गावभर विखुरली. कुणी भावाकडे, कुणी सासरी, कुणी भाड्याने. पर्यायी घरं मिळणार असं कागदावर होतं. कागदावर अजून आहे. मुकादमांना बाजारामागे दोन खोल्या मिळाल्या. अक्कांसाठी त्याच गल्लीत एक खोली मिळाली, पण दुसऱ्या मजल्यावर, इमारतीच्या बाहेरून गेलेल्या उघड्या दगडी जिन्याने वर. त्या वर चढल्या त्या दिवसानंतर पंधरा दिवस खाली उतरल्याच नाहीत. खिडकीतून समोरची भिंत दिसते.

मुकादमांना पत्र आलं. निवृत्तीला दोन महिने उरले असताना कामावरून काढलं. मॅनेजर पत्र द्यायला स्वतः आले नाहीत, पहारेकऱ्याच्या हाती पाठवलं.

मशीनने अकरा घरं दीड दिवसात पाडली. अक्कांची नवी खोली सगळ्यांत आधी, कारण तीच सगळ्यांत पुढे होती. मग कडा वरून कापत कापत मागे आणला, उतार दिला, पायऱ्या केल्या, नाल्या काढल्या. कापताना कडा कोसळला नाही. एक ढेकूळसुद्धा आपण होऊन खाली आलं नाही. "बघा," टिपरवाला बाजारात मुकादमांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पन्नास वर्षं उभा होता, आणखी पन्नास राहिला असता." राहिला असता का नसता, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. ती भेग किती खोल गेली होती, आत पाणी मुरलं होतं की नाही, हे एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून मुकादम कुंपणापर्यंत गेले होते. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. "तुम्हाला सोडू नका असं लिहून दिलंय, मुकादम. माझी नोकरी घालवू नका." मशीनने एक खोरं मारलं, भेगेसकट माती उचलली आणि टिपरमध्ये टाकली. दुसरं खोरं मारलं. त्या दिवशी मोजणीच्या बाईही आल्या नव्हत्या. त्यांच्या जागी दुसरेच कुणी साहेब होते, ते गाडीतच बसून होते.

आता उतारावर काळी माती पसरली आहे, तीही पुरली नाही. राखून ठेवलेला ढीग इतकी वर्षं जो तो पाटीपाटीने परसात नेत होता, आणि मुकादम बघूनही न बघितल्यासारखं करत होते. वरच्या दोन पायऱ्यांवर रोपं लावली, खालच्या पायऱ्यांवर नुसता मुरूम. रोपांतली निम्मी उन्हाने गेली. फाटकावर बागेचा फलक लागला आहे. फाटकाला कुलूप आहे.

मुकादम रोज सकाळी अक्कांच्या खोलीवर दोन बादल्या पाणी चढवतात. अक्का भिंतीकडे तोंड करून बसतात. काही हवं असेल तर मुकादमीणबाईंना सांगतात, आणि मुकादम तिथेच समोर उभे असतात.

"वहिनी, तुमच्या माणसाला सांगा, पाणी सांडलंय. मी घसरेन."

"ऐकलंय त्यांनी, अक्का."

"तुम्ही सांगा."

"अहो, पाणी सांडलंय."

मुकादम फडकं घेऊन पुसतात. बायको घरी देवापुढे हात जोडते तेव्हा काय मागते ते तिने कधी सांगितलं नाही, पण हल्ली ती जास्त वेळ डोळे मिटून बसते.

चार महिने असे गेले. परवा अक्का भाजीवाल्याची हाक ऐकून एकट्याच उतरायला निघाल्या आणि तिसऱ्या पायरीवर पाय सटकला. भिंतीचा आधार मिळाला म्हणून निभावलं. तळहात सोलून निघाला. मुकादम धावत वर गेले तर त्या पायरीवर बसून हाताला फुंकर घालत होत्या. मुकादमांनी हात पुढे केला. अक्कांनी तो धरला नाही, भिंतीला धरूनच उठल्या. मुकादमीणबाई मागून येऊन पोचल्या तशी अक्का त्यांच्याकडे वळून म्हणाल्या,

"वहिनी, यांना म्हणावं, या जिन्याला कठडा नाही."

घरमालकाला विचारलं, तो म्हणाला, तुमच्या खर्चाने बसवा, माझी हरकत नाही. मुकादमांनी दुपारी जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, अठरा. वरपासून खालपर्यंत लांबी मोजली. अक्कांचा हात किती उंचीवर येतो ते बायकोला विचारून घेतलं, कारण अक्कांना विचारता येत नव्हतं. मग सगळं पुन्हा एकदा मोजलं आणि जुन्या पाकिटाच्या मागे लिहून घेतलं.

उद्या सकाळी नऊला वेल्डरचं दुकान उघडतं. मुकादमांना तिथे जाऊन कठड्याचं माप द्यायचं आहे.